बदक, ससा आणि गिधाड

ग्रीक भाषेतल्या एका लहानशा पोथीविषयी हे लिहायचे आहे. पोथीचे नाव ‘हायरोग्लिफिका’, कर्त्याचे होरापोलो. इजिप्तच्या पवित्र अक्षरांवर स्वतंत्रपणे लिहिलेले आणि प्राचीन काळातून आपल्यापर्यंत धड अवस्थेत पोचलेले असे हे एकच पुस्तक. दोन भाग, मिळून १८९ छोटी कलमे. बहुतेक कलमांची घडण सारखीच : अमुक एक गोष्ट सांगायची असेल तर इजिप्तचे लोक तमुक प्राण्याचे चित्र काढतात, कारण त्या प्राण्याचा स्वभाव असा असा आहे. पोथी एका बैठकीत वाचून होते. तिच्यावर विश्वास ठेवून युरोपातल्या विद्वानांनी घालवलेला काळ मात्र चार शतकांचा आहे.

इजिप्तच्या लिपीची गोष्ट मराठीत सांगताना आपण १७९९ साली सापडलेल्या रोझेटाच्या शिळेपासून सुरुवात करतो आणि १८२२ सालच्या शाँपोलियोंच्या यशावर येऊन थांबतो. त्याआधीचे सारे ‘अज्ञानाचा काळ’ या दोन शब्दांत गुंडाळले जाते. प्रस्तुत लेखकाला ही वाटणी पटत नाही. होरापोलोची चूक माहितीच्या अभावातून आलेली नाही. ती वाचनाची चूक आहे, आणि वाचनाच्या चुका टीकेच्या प्रांतात येतात. शिवाय ती चूक अजून संपलेली नाही. तिचा एक तुकडा आपल्या भाषेतही येऊन बसला आहे, त्याकडे पुढे येतो.

आधी पोथीतली तीन कलमे पाहू. ‘उघडणे’ हा अर्थ दाखवायला ससा काढतात, कारण ससा झोपेतही डोळे उघडे ठेवतो. ‘आई’ दाखवायला गिधाड काढतात, कारण गिधाडांत नर नसतोच, मादी वाऱ्यापासून गर्भ धरते. ‘पुत्र’ दाखवायला रानहंसासारखा एक पाणपक्षी काढतात, कारण या पक्ष्याचे पिलांवर इतके प्रेम असते की पारधी आला तर आईबाप स्वतः त्याच्या हाती सापडतात आणि पिलांना वाचवतात.

यात नवल असे की तिन्ही अर्थ बरोबर आहेत. इजिप्तच्या लेखनात सशाची खूण खरोखरच ‘उघडणे’ या शब्दात येते, गिधाडाची खूण ‘आई’ या शब्दात येते आणि ‘पुत्र’ या शब्दात पक्षी असतो (तो टोकदार शेपटीचे बदक आहे, पण एवढ्यावरून भांडण नको). अर्थ बरोबर, आणि कारणे तिन्ही ठिकाणी साफ चूक. सशाच्या खुणेचा उच्चार होता ‘व’ आणि ‘न’ या दोन व्यंजनांचा, आणि उघडणे या क्रियापदातही तीच दोन व्यंजने होती. बदकाची खूण ‘सा’ अशी काहीशी उच्चारत, आणि पुत्रालाही ‘सा’च म्हणत. सशाच्या डोळ्यांचा किंवा बदकाच्या वात्सल्याचा इथे काहीएक संबंध नव्हता. संबंध होता तो कानाचा.

आपल्या भाषेत ही गोष्ट चटकन कळते. मराठीला स्वतःची लिपी नाही आणि आपण चित्रांनी लिहीत आहोत, अशी कल्पना करा. ‘मान’ हा शब्द लिहायचा आहे, आदर या अर्थाचा. आदराचे चित्र काढता येत नाही. मग माणसाची मान काढावी, आणि वाचणाऱ्याचा घोटाळा होऊ नये म्हणून शेजारी एक पागोटे काढावे, की हा शब्द शरीराच्या अवयवाचा नसून प्रतिष्ठेचा आहे. इजिप्तचे लेखनिक नेमके हेच करीत. उच्चाराची खूण आणि तिच्या मागे अर्थाची दिशा दाखवणारी मुकी खूण. आता हजार वर्षांनी मराठी बोलणारा कोणी उरला नाही आणि एखादा सज्जन पंडित या लेखनाचा अर्थ सांगू लागला, तर तो काय म्हणेल? म्हणेल, आदर दाखवायला हे लोक मान काढीत, कारण आदरणीय पुरुष ताठ मानेने चालतो. वाक्य ऐकायला किती छान आहे! त्याला सुभाषिताचा डौल आहे. आणि अर्थ बरोबर असल्यामुळे त्याला कोणी खोटेही पाडणार नाही. होरापोलोचे पुस्तक म्हणजे अशा वाक्यांचा संग्रह आहे. आपल्या गावोगावच्या स्थळपुराणांची जात हीच. गावाचे नाव खरे, देऊळ खरे, आणि त्या दोहोंना जोडणारी कथा मागाहून रचलेली.

होरापोलोने हे सारे मनाने रचले असे मात्र म्हणता येत नाही. तो पाचव्या शतकातला, इजिप्तमध्येच जन्मलेला, जुन्या धर्माच्या शेवटच्या पिढ्यांपैकी एक. नाईलच्या फिले बेटावरच्या देवळात पवित्र अक्षरांचा शेवटचा तारीखवार लेख कोरला गेला तो २४ ऑगस्ट ३९४ रोजी. त्यानंतर ती अक्षरे लिहिणारा हात उरला नाही. होरापोलोच्या कानावर आले असेल ते वाडवडिलांच्या तोंडचे, अर्धेमुर्धे. आणि त्या वाडवडिलांनीही, म्हणजे देवळातल्या पुजाऱ्यांनी, अखेरच्या काही शतकांत आपले लेखन मुद्दाम अवघड केले होते. जुन्या काळी सातआठशे खुणांत भागत असे. ग्रीक आणि रोमन अमलात देवळांच्या भिंतींवर त्यांची संख्या काही हजारांवर गेली. एस्ना इथल्या देवळात एक स्तोत्र जवळजवळ सगळे मेंढ्यांच्या चित्रांनी लिहिले आहे आणि दुसरे मगरींच्या. जे लेखन राज्यकारभारातून आणि बाजारातून उठले, ते देवळात कोंडून घेतल्यावर असे खेळकर आणि गूढ होत गेले. सामान्य माणसाला वाचता येऊ नये यातच त्याची प्रतिष्ठा मानली गेली. होरापोलोचा गैरसमज म्हणजे या प्रतिष्ठेवर बसलेला विश्वास. पुजाऱ्यांनी दारे लावली आणि बाहेरच्यांनी दारांचीच पूजा केली.

पोथीचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा बराच सामान्य आहे. त्यात ग्रीकांच्या प्राणिकथांची खोगीरभरती दिसते. स्वतःचेच नुकसान करून घेणारा माणूस दाखवायला बीव्हर काढतात, असे एक कलम आहे. नाईलच्या काठी बीव्हर नावाचा प्राणीच नव्हता. संकलकाला कलमे वाढवायची होती, एवढाच त्याचा अर्थ.

ही पोथी १४१९ साली अँड्रॉस बेटावर एका फ्लॉरेन्सच्या प्रवाशाला मिळाली आणि १५०५ साली व्हेनिसमध्ये आल्डुसने ती छापली. पुढे युरोपात तिचे पीक आले. ड्यूररसारख्या चित्रकाराने तिच्या लॅटिन भाषांतरासाठी चित्रे काढली, सम्राटांच्या कमानींवर तिच्यातले प्राणी चढले. चित्रकलेचे त्यात नुकसान झाले नाही, झाला तो फायदाच. वाचनाचे काय झाले ते पाहायचे तर सतराव्या शतकात, रोममध्ये, अथानासियुस किर्खर या जेझुइट पाद्र्याकडे जावे लागते.

किर्खरला हसणे सोपे आहे आणि सगळे हसतातच. त्याने १६५२ ते १६५४ या काळात ‘ओडिपुस इजिप्तियाकुस’ या नावाचे अवाढव्य ग्रंथ काढले आणि रोममधल्या ओबेलिस्कांवरचे लेख ‘वाचून’ दाखवले. अॅप्रीस नावाच्या एका राजाच्या नावाची चार-सहा अक्षरे. त्यांतून किर्खरने ओसिरिसचे कृपाप्रसाद, पवित्र विधी, देवतांची साखळी आणि नाईलचे वरदान असे एक अख्खे वाक्य काढले. राजाच्या सहीतून स्तोत्र! पण याच किर्खरने १६४३ साली कॉप्टिक भाषेचे व्याकरण आणि शब्दसंग्रह छापला होता, आणि ही भाषा म्हणजे फॅरोंच्या भाषेचीच लेक आहे असे ठासून सांगितले होते. ते पूर्ण खरे होते. इजिप्तचे ख्रिस्ती लोक आपली जुनीच भाषा ग्रीक अक्षरांत, सहासात जादा अक्षरांची भर घालून, लिहीत आले होते. घरातली बोली अरबी झाल्यावरही चर्चच्या प्रार्थनेत ती राहिली. लिपी एक आणि भाषा दुसरी, हे आपल्या भागातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण १६१६ साली राचोलला छापले गेले ते मराठी ओव्यांत आणि रोमन अक्षरांत. कोकणी तर पाच लिप्यांत लिहिली गेली आहे. (किर्खरने ज्या कॉप्टिक-अरबी हस्तलिखितांवर काम केले ती इजिप्तहून मिळवणारा प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले. तोच पुढे १६२३ साली गोव्यात उतरला आणि होन्नावरवरून इक्केरीच्या नायकाकडे जाऊन आला. इजिप्तच्या भाषेची किल्ली रोमला धाडणारा माणूस आपल्या घाटवाटांनी फिरून गेला आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात नसते.)

म्हणजे किर्खरच्या एका हातात किल्ली होती आणि दुसऱ्या हातात कुलूप. ते दोन हात त्याने एकमेकांजवळ आणले नाहीत. का आणले नाहीत? त्याची बुद्धी कमी पडली असे म्हणवत नाही. मला वाटते, त्याचा आदर आड आला. ज्या खुणांत आद्य ऋषींचे ब्रह्मज्ञान साठवले आहे, त्या खुणा ‘व’, ‘न’, ‘सा’ असल्या क्षुल्लक उच्चारांसाठी असतील हे त्याला सहन होण्यासारखे नव्हते. प्लॉटिनससारख्या तत्त्वज्ञाने तिसऱ्या शतकातच सांगून ठेवले होते की इजिप्तचे ज्ञानी शब्द आणि वाक्ये वापरीत नाहीत, एकेका चित्रात एकेक संपूर्ण ज्ञान ठेवतात. इतक्या उंचीवर बसवलेल्या लेखनाला भाषा असते हे कोणाला सुचणार! वास्तविक एका ओबेलिस्कचे हर्मापियोन नावाच्या माणसाने केलेले बऱ्यापैकी खरे ग्रीक भाषांतर चौथ्या शतकातल्या अम्मियानुसच्या इतिहासात सर्वांसमोर पडून होते. त्यात राजाची स्तुती आणि देवांची नावे, नेहमीचा दरबारी मजकूर. ते कोणी फारसे मनावर घेतले नाही. साधे होते, म्हणून.

हे युरोपातच घडले असेही नाही. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचा स्तंभ टोपऱ्याहून दिल्लीला आणवला आणि त्यावरचा लेख वाचायला पंडितांना बोलावले. वाचता कोणालाच येईना. पण कोणी सांगितले, यावर असे भविष्य लिहिले आहे की हा स्तंभ फिरोज नावाचा बादशहा येईपर्यंत कोणाला हलवता येणार नाही. १८३७ साली प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी लावल्यावर काय निघाले? रस्त्याकडेला वड लावले, आमराया केल्या, विहिरी खणवल्या. मला अशोकाचा हा मजकूर कोणत्याही भविष्यवाणीपेक्षा मोठा वाटतो, पण पंडितांना तो तेवढा मोठा वाटला असता की नाही याची शंका आहे.

शाँपोलियोंची हकीकत बहुश्रुत आहे, तेव्हा तिच्यातल्या दोनच गोष्टी सांगतो. पहिली अशी की १८२१ सालापर्यंत तोही होरापोलोच्याच गोटात होता. या खुणा वस्तूंच्या आहेत, ध्वनींच्या नाहीत, असे त्याने त्या साली छापून प्रसिद्ध केले होते. परकीय राजांची नावे ध्वनींनी लिहिली जातात हे इंग्लंडच्या थॉमस यंगने त्याआधीच दाखवले होते, त्याचे श्रेय यंगला दिलेच पाहिजे. पण इजिप्तचे स्वतःचे शब्दही तसेच लिहिले जात असतील, ही उडी यंगने घेतली नाही. शाँपोलियोंने आधी साधी मोजणी केली. रोझेटाच्या शिळेवर ग्रीक शब्द ४८६ आणि त्याच मजकुरासाठी, तोही अर्धा तुटलेला, इजिप्ती खुणा १४१९. एका कल्पनेला एक चित्र असते तर हे गणित जमले नसते. (१४१९ हाच पोथी सापडल्याचा सन. योगायोग आहे, त्यातून कोणी अर्थ काढू नये. किर्खरने काढला असता.) दुसरी गोष्ट कॉप्टिकची. लहानपणापासून त्याने ही भाषा ध्यास घेतल्यासारखी शिकली होती, तिच्यात तो स्वतःशी बोलत असे. म्हणून एका राजनामात सूर्याचे बिंब दिसताच त्याला त्याचा कॉप्टिक उच्चार ‘रे’ आठवला, पुढच्या खुणा ‘म’ आणि ‘स’च्या निघाल्या, आणि रामसेस हे नाव तोंडातून बाहेर पडले. २७ सप्टेंबर १८२२ रोजी त्याने आपला शोध पॅरिसच्या अकादमीपुढे वाचला. किर्खरच्या दोन हातांत जे वेगवेगळे राहिले होते ते इथे एकत्र आले. त्याच किर्खरचे कॉप्टिक व्याकरण त्याच्या अभ्यासात होते, हेही विसरू नये. कॉप्टिकमध्ये आईला ‘माउ’ म्हणतात. गिधाडाचे ते ‘म’ आणि ‘त’, त्यांतला ‘त’ झिजून उरलेले. इथे आपल्या ‘माउली’कडे धाव घेण्याचा मोह अनेकांना होईल. तो आवरावा.

आता तो तुकडा, आपल्या भाषेत येऊन बसलेला. मराठीत आपण या लेखनाला सरसकट ‘चित्रलिपी’ म्हणतो. शब्द सोपा आहे, रूढ आहे, पाठ्यपुस्तकांत आहे. पण त्यात होरापोलो पुरता जिवंत आहे. चित्रलिपी म्हटले की मुलाच्या मनात येते ते चित्र पाहून अर्थ ओळखण्याचे कोडे. त्या लोकांना क्रियापद होते, नकार होता, ‘जर’ आणि ‘तर’ होते, टोमणा होता, हे मनात येत नाही. सिंधू खोऱ्यातल्या मुद्रांविषयी वर्षाआड जे ‘उलगडे’ आपल्याकडे छापून येतात त्यांच्या मुळाशीही हीच समजूत दिसते. बैल म्हणजे अमुक तत्त्व, मासा म्हणजे तमुक. वाचनासाठी आधी भाषा ठरावी लागते, आणि अर्थाच्या घाईत ती पायरी वगळली जाते.

ही तक्रार केवळ शास्त्रीय काटेकोरपणाची नाही. चित्रांत ब्रह्मज्ञान पाहणाऱ्यांनी चारशे वर्षे इजिप्तला डोक्यावर घेतले, आणि त्या सगळ्या काळात इजिप्तच्या एकाही लेखकाचे एकही वाक्य त्यांना ऐकू आले नाही. उच्चार हाती आल्यावर काय काय निघाले! खेती नावाच्या बापाने मुलाला शाळेत पोचवताना न्हावी, कुंभार, धोबी यांच्या हालअपेष्टांचे तिखटमीठ लावून केलेले वर्णन. हे वर्णन पुढे शेकडो वर्षे शाळकरी पोरांनी शिक्षेसारखे उतरवून काढले, इतक्या चुका करून, की आज त्यातल्या कित्येक ओळी लागत नाहीत. एका लुबाडलेल्या शेतकऱ्याची कथा निघाली. तो अधिकाऱ्यासमोर नऊ वेळा गाऱ्हाणे घालतो, आणि त्याची वाणी इतकी रसाळ की राजा गुपचूप हुकूम देतो, त्याला उत्तर देऊ नका, म्हणजे तो बोलत राहील, बोलणे तेवढे लिहून घ्या. घरी बायकापोरांना धान्य पोचते करण्याची व्यवस्थाही राजा करतो, पण न्याय लांबतो तो गाऱ्हाणे सुंदर आहे म्हणून. निवेदने देण्याची सवय असलेल्या आपल्या भागात या कथेवर टिप्पणी करण्याची गरज नसावी. आमची निवेदने तितकी सुंदर नसतात, एवढाच फरक.

आणि सिनुहेची कथा निघाली. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची. बर्लिनच्या संग्रहातले पपायरस हे तिचे मुख्य आधार. राजाच्या मृत्यूची बातमी कानावर येताच हा दरबारी माणूस घाबरून पळतो, सीमा ओलांडतो, वाळवंटात तहानेने मरायला टेकतो आणि शेवटी उत्तरेकडच्या एका परक्या सरदाराच्या आश्रयाला जातो. तो सरदार त्याला ठेवून घेताना जे सांगतो ते मला या साऱ्या साहित्यातले सर्वांत हृद्य स्थळ वाटते. तो जमिनीचे किंवा संपत्तीचे आमिष आधी दाखवत नाही. माझ्याजवळ तुला बरे वाटेल, इथे तुझ्या कानावर इजिप्तची भाषा पडेल, अशा अर्थाचे तो बोलतो. पुढे सिनुहेला सगळे मिळते, लग्न होते, मुले वाढून टोळ्यांचे नायक होतात. तरी म्हातारपणी तो परततो, कारण त्याला परक्या मातीत पुरून घ्यायचे नसते. सीमेपलीकडे राहणाऱ्याला आपली भाषा कानावर पडणे म्हणजे काय, हे इतक्या जुन्या काळी कोणी लिहून ठेवले आहे. ते लेखन बर्लिनमध्ये किंवा कुठेही असते तरी किर्खरच्या पद्धतीने त्यातून बाहेर आले असते ते पुन्हा ओसिरिसचे कृपाप्रसादच.

तरीही होरापोलोला सरसकट निकालात काढणे मला जमत नाही. ध्वनीचा विजय झाल्यानंतरच्या पंडितांनी चित्र जणू नव्हतेच अशा थाटात लिहिले, तेही एकांगी आहे. पिरॅमिडांच्या आतल्या भिंतींवर जे मंत्र कोरले आहेत त्यांत साप किंवा हिंस्र प्राण्यांच्या खुणा कित्येकदा अर्ध्या कापून काढल्या आहेत किंवा गाळल्या आहेत. मृताच्या शेजारी ते सगळे जिवंत होऊन बसू नयेत म्हणून. म्हणजे लिहिणाऱ्याच्या दृष्टीनेही ते नुसते अक्षर नव्हते. उच्चारताना कान, आणि लिहिताना डोळा, दोन्ही जागे होते. आपण भाषांतरात जे वाचतो त्यात डोळ्याचा भाग गळून पडतो. स्वर तर त्यांनी लिहिलेच नाहीत, त्यामुळे कानाचा भागही अर्धाच मिळतो. सिनुहे हा उच्चार आपण सोयीसाठी ठरवलेला आहे, तो स्वतः हाक ऐकून ओळखेल की नाही कोण जाणे.

त्याच्या नावाचा अर्थ मात्र ठाऊक आहे. औदुंबराच्या जातीचे एक झाड इजिप्तमध्ये देवीचे मानत. त्या झाडाचा पुत्र तो सिनुहे. पवित्र अक्षरांत हे नाव लिहायचे झाले की सुरुवात ‘पुत्र’ या शब्दाने होते, म्हणजे होरापोलोने ज्याच्या वात्सल्याची कथा सांगितली त्याच बदकाने.